मोटाऊन गेलं आणि समाज बिघडला? काहीही!

तबकडीवाला

नानांचा 'काळ्यांचं संगीत कधी मेलं?' हा धागा वाचून गप्प बसायचं ठरवलं होतं, पण खाली 'अगदी मनातलं बोललात'ची रांग लागली आणि राहवेना. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सार असं: साठच्या दशकात सूट-बूट होते, सुरेल गळे होते, घरात बाप होता, रविवारी चर्च होतं. मग रॅप आलं, शिव्या आल्या, बंदुका आल्या, आणि गाण्यापाठोपाठ अख्खा समाज रसातळाला गेला.

नाना, आवडीवरून भांडण नाही. मीही त्याच तबकड्यांवर वाढलोय. डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या, मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या त्या जुन्या घरात गेलो की अजून अंगावर काटा येतो. कंट्रोल रूमची जमीन ताल धरून धरून झिजली आहे, आणि प्रतिध्वनी मिळावा म्हणून छताला भोक पाडून वरचा माळा वापरलाय. भांडण आहे ते तुमच्या 'म्हणून'शी. गाणं बिघडलं *म्हणून* समाज बिघडला?

ती अदब काही आभाळातून पडली नव्हती. बेरी गॉर्डी लिंकन-मर्क्युरीच्या असेंब्ली लाइनवर राबलेला माणूस. घरच्यांनी भिशीसारख्या जमवलेल्या पैशांतून ८०० डॉलर उचलले आणि १९५९ मध्ये मोटाऊन कंपनी काढली. गोऱ्यांच्या दिवाणखान्यात शिरायचं तर काय घालून शिरावं लागतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मॅक्सीन पॉवेल नावाच्या बाई खास त्यासाठी नेमल्या होत्या. कसं बसायचं, कसं चालायचं, हे त्या गल्लीतल्या पोरींना घोटून घ्यायच्या. चॉली ॲटकिन्स नाचाची पावलं बसवायचा. तुम्ही ज्याला संस्कार म्हणता ती बरीचशी धंद्याची हुशारी होती. अव्वल हुशारी होती, पण हुशारीच.

आणि ते गळे घडले कुठे? ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली या डेट्रॉइटच्या काळ्या वस्त्यांत. हेस्टिंग्ज स्ट्रीटवर क्लब, खानावळी, न्हाव्याची दुकानं, चर्च, सगळं एका हाकेवर. गायिका ॲरेथा फ्रँकलिनच्या वडिलांचं न्यू बेथेल चर्चही तिथलंच. पन्नास-साठच्या दशकांत 'नवनिर्माण' म्हणून त्या वस्तीवर बुलडोझर फिरवला आणि वर हमरस्ता घातला. आय-३७५ वरून टायगर्सची बेसबॉल मॅच बघायला जाता ना, ती गाडी त्याच रस्त्याच्या उरावरून जाते. नंतर कारखाने हलले, आणि १९७२ साली खुद्द मोटाऊनही बिऱ्हाड उचलून लॉस एंजेलिसला गेलं. १९५० साली साडेअठरा लाखांचं असलेलं शहर २०२० मध्ये सहा लाख चाळीस हजारांच्या आत आलं. आणि हे सगळं कोणी केलं? तर म्हणे पॅन्ट खाली घालणाऱ्या पोरांनी!

खुनांचंच बघायचं तर १९७४ साली डेट्रॉइटमध्ये सातशेच्या वर खून झाले. पहिलं गाजलेलं रॅप गाणं आलं १९७९ ला. खुनी काय भविष्यातून कॅसेट मागवत होते? उलट २०२३ मध्ये २५२ खून झाले, १९६६ नंतरचा तोवरचा सगळ्यात कमी आकडा. रॅप तर आज वाण्याच्या दुकानातसुद्धा वाजतं.

जुन्या गाण्यांत मारामारी नव्हती म्हणता? 'स्टॅगर ली' घ्या. १८९५ साली सेंट लुईसमध्ये टोपीवरून झालेल्या भांडणातला खरा खून. लॉइड प्राइसने ते १९५९ ला पहिल्या नंबरावर नेलं, आणि टीव्हीवर गाताना त्याला खून वगळून गायला लावलं. चावटपणाचं म्हणाल तर ब्लूज गायिका ल्युसिल बोगनने १९३५ मध्ये जे गाऊन ठेवलंय ते इथे लिहिलं तर संपादक माझा आयडी उडवतील.

बेरकी बोका

रॅप हे संगीत आहे हे आधी सिद्ध करा, मग पुढचं बोलू. बाकी चालू द्या, कॉर्न लाह्या घेऊन बसलोय.

अवांतर: जुन्या टर्नटेबलची सुई कुठे मिळेल? तबकड्या सरसर वाजतायत.

नाना ट्रॉयकर

तबकडीवाले, लेख फर्मास. फक्त तुम्ही हे सगळं वाचून लिहिलंय आणि मी बघून लिहिलं होतं. मी सत्तरच्या दशकात इथे आलो, सगळा जन्म प्लँटमध्ये गेला. माझ्या शेजारच्या बाकावर एक कृष्णवर्णीय गृहस्थ होते, त्यांच्या चर्चमध्ये डीकन, म्हणजे सेवेकरी. बर्फ पडला की मला ब्यूइकमधून घरी सोडायचे. गाडीत मोटाऊनचे टेम्पटेशन्स, फोर टॉप्स. मला ते संगीत त्या माणसाने दिलं, कुठल्या म्युझियमने नाही. त्यांच्या घरात रॅपच्या कॅसेटला बंदी होती. त्यांचा पुतण्या गोळी लागून गेला. अंत्यविधीला त्याचे मित्र आले ते गाडीचे आवाज पूर्ण मोठे करून, आणि गाण्यात काय होतं तर कोण कोणाला कसं उडवणार त्याची बढाई. डीकन बाहेर गेले आणि त्यांनी हात जोडून ते बंद करायला सांगितलं. मी तिथे उभा होतो.

तेव्हा 'गाण्याचा काय संबंध' हे मला सांगू नका, त्यांना सांगा. त्यांचेच म्हातारे हे म्हणत आलेत. सी. डेलोरेस टकर बाई सेल्माच्या नागरी हक्क मोर्चात मार्टिन ल्यूथर किंगबरोबर चालल्या होत्या, त्याच पुढे गँगस्टा रॅपविरुद्ध उभ्या राहिल्या. हार्लेमचे रेव्हरंड कॅल्विन बट्स १९९३ मध्ये रॅपच्या कॅसेटी चिरडायला रोडरोलर घेऊन निघाले होते. त्यांनाही तुम्ही हेस्टिंग्ज स्ट्रीटचा इतिहास शिकवणार का?

रानजाई

नाना, डीकनचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मी शहरातल्या शाळेत शिकवते, म्हणून सांगते. जेम्स जेमर्सन, ज्याच्या बासवर तुमची अर्धी मोटाऊन उभी आहे, तो डबल बास कुठे शिकला? नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये, शाळेच्या वाद्यावर. कॅस टेक या शाळेतून रॉन कार्टर, पॉल चेंबर्स, डोनाल्ड बर्ड हे जॅझवाले निघाले. मोटाऊनची डायना रॉसही तिथलीच. सरकारी शाळा, बरं का.

मी ज्या शाळेत आहे तिथे बँडची खोली आहे. कपाटाला कुलूप, किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नाही. काचेतून एक ट्रोम्बोन दिसतो, त्याची स्लाइड गायब. खोलीत आता जादा बाकं ठेवतात. मधल्या सुट्टीत पोरं त्याच बाकांवर बोटांनी ठेका धरून शब्द रचत बसतात. हातात वाद्य नाही तर तोंडाने करणार, आणखी काय करतील? आणि नाना, रागावू नका, पण शाळांचा पैसा आठ माईल रस्त्याच्या, म्हणजे शहराच्या वेशीच्या, पलीकडे गेला तो तुमच्या ट्रॉयसारख्या गावांतच.

घरकुल

हे आलंच! कुठलाही धागा असो, शेवटी ट्रॉय, नोव्हाय, कँटनसारख्या उपनगरांतल्या मराठी माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं. मुलांसाठी चांगलं स्कूल डिस्ट्रिक्ट बघून घर घेतलं, हा गुन्हा? आम्ही ३० वर्षांचं कर्ज फेडतोय, प्रॉपर्टी टॅक्स भरतोय. ती दरी आम्ही आलो तेव्हा आधीच खणून ठेवली होती.

रानजाई

खणली तुम्ही नाही, मान्य. आठ माईलच्या अलीकडे १९४१ मध्ये एक भिंत बांधली गेली, अर्धा मैल लांब, सहा फूट उंच. का, तर पलीकडे काळी वस्ती असताना गोऱ्यांच्या घरांना सरकारी कर्जहमी मिळेना. ती भिंत अजून उभी आहे, जाऊन बघा. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की शहर आणि उपनगरं मिळून शाळांचं एकत्रीकरण लादता येणार नाही. तुमचं 'चांगलं स्कूल डिस्ट्रिक्ट' त्या दिवशी पक्कं झालं. आयतं मिळालं म्हणून कोणी फाशी देत नाही, पण 'आमच्या कष्टाचं' म्हणून मिरवू तरी नका.

घरकुल

कष्टाचं नाही? दोन सुटकेसा घेऊन आलो होतो इथे! आणि तुम्ही स्वतः राहता कुठे ते सांगा की. फार्मिंग्टन हिल्सच ना? तिथून रोज शहरात शिकवायला जाऊन पुण्य कमावता, चांगलं आहे.

रानजाई

फर्नडेल. आठ माईलला खेटून. आणि पुण्य नाही, पगार कमावते.

नाना ट्रॉयकर

धाग्याचं काश्मीर झालं, विषय कुठल्या कुठे गेला. मी घर १६ माईलवर घेतलं कारण प्लँट जवळ होता. तरी विचारतो, सुरक्षित जागी राहावंसं वाटणं यात पाप काय? डीकनही शेवटी साउथफील्डला गेलेच ना!

तबकडीवाला

गेलेच असणार. ज्यांना जमलं ते सगळे गेले: डॉक्टर, मास्तर, डीकन. मागे राहिलेल्या पोरांना वडीलधारं कोण उरलं? नाना, आता हे तुम्हीच सांगितलंत, मी नाही.

टकरबाईंबद्दल म्हणाल तर घ्या, मान्य. शिव्याशापांचं आणि बायकांना हिणवण्याचं समर्थन मी करत नाही, आणि त्यांना 'म्हातारी काहीही बोलते' म्हणून उडवून लावणाऱ्यांतलाही मी नाही. पण बाई जाब विचारायला गेल्या कुठे? १९९५ मध्ये, टाइम वॉर्नरच्या भागधारकांच्या सभेत. शेअर विकत घेऊन. त्याच वर्षी कंपनीने रॅप काढणाऱ्या इंटरस्कोपमधला हिस्सा विकला. बाईंनी मालकाची गचांडी धरली, तुम्ही पोरांची धरताय. हा फरक तुमच्या अख्ख्या धाग्यात कुठे दिसला नाही.

आणि रेडिओ! १९९६ च्या दूरसंचार कायद्याआधी एका कंपनीला देशभरात ४० स्टेशनांपलीकडे जाता येत नसे. मर्यादा उठली आणि क्लिअर चॅनल ही रेडिओ कंपनी हजार-बाराशेवर गेली. गावचा डीजे, जो संध्याकाळी गॉस्पेल, रात्री संथ गाणी आणि मध्येच कोणाच्या चर्चच्या जेवणाची जाहिरात लावायचा, तो गेला. यादी मुख्यालयातून यायला लागली. 'हल्ली तेच तेच वाजतं' ही तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे, फक्त पत्ता चुकलाय.

अनवाणी

एक वाचक म्हणून इतका वेळ मजा बघत होतो. मी औरंगाबादचा, डेट्रॉइट नकाशावरच पाहिलंय. पण 'भाषा घाणेरडी म्हणून समाज बिघडला' हे पालुपद आमच्या फार ओळखीचं आहे. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव ब्लॅक पँथरवरूनच घेतलं. त्याच वर्षी ढसाळांचं 'गोलपिठा' आलं. तेव्हाही सदाशिव पेठेला घाम फुटला होता, हे कसले शब्द म्हणून. कामाठीपुऱ्याला कोणी नाक मुरडून विचारलं नव्हतं की तुझी ही गत कोणी केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, ते मोटाऊन ऐकून नव्हे.

नाना ट्रॉयकर

ढसाळ कवी होते. दागिने आणि गाड्या मोजत नव्हते. उगाच कोणालाही कोणाच्या पंक्तीला बसवू नका.

अनवाणी

आज कवी म्हणताय. तेव्हा काय म्हणाला असतात, ते वरच्या तुमच्या धाग्यात लिहिलेलं आहे.

बेरकी बोका

नाना क्लीन बोल्ड. पण अनवाणी, माझाही एक मुद्दा. गरिबी, भिंत, रेडिओ, सगळं कबूल, तरी गाणं वाईट असेल तर वाईटच. १९७१ मध्ये मोटाऊनचा मार्विन गे व्हिएतनाम, नशा, प्रदूषण सगळ्यावर गायला, तेही दंगलीत शहर होरपळून चार वर्षं झाल्यावर. रडला, चिडला, पण सुरात. मला तसं आजचं काहीतरी दाखवा. ऑटोट्यून लावलेलं सोडून.

तबकडीवाला

मजा म्हणजे गॉर्डीला ते गाणं काढायचंच नव्हतं. चालणार नाही म्हणाला होता. तुमच्या आवडत्या 'सुसंस्कृत' कंपनीने दाबलं असतं तर आज तुम्ही उदाहरण कशाचं दिलं असतं? आणि आजचं हवं तर डेट्रॉइटच्याच जे डिला या रॅप संगीतकाराचं ऐका. २००६ मध्ये गेला, म्हणजे तुमच्या हिशोबाने आजचाच. शिव्यांना जागाच कमी, कारण बरंचसं वाद्यसंगीतच आहे. जुन्या सोल तबकड्यांचे तुकडे शिवून केलंय. हेडफोन लावून, कृपया. फोनच्या स्पीकरवर ऐकून मत देऊ नका.

बेरकी बोका

ऐकलं. तीन गाणी. बरं आहे. गळा नाही पण बरं आहे. सुईचं कोणी सांगत नाहीये.

नाना ट्रॉयकर

माझं मत बदललेलं नाही. पोराच्या कानात दिवसरात्र काय ओतता याने फरक पडतो, हे डीकन म्हणायचे आणि ते तुमच्यापेक्षा जास्त जगले होते. रेडिओचा मुद्दा तेवढा बरोबर असेल, कारण मलाही गाडीत रेडिओ लावून वर्षं झाली.

रानजाई, आमच्या तळघरात मुलीचा क्लॅरिनेट पडून आहे. पॅड बदलावे लागतील, बाकी ठणठणीत. शाळेचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नेऊन देतो. याचा अर्थ मी आठ माईलवरच्या तुमच्या भाषणाशी सहमत आहे असा कोणी काढू नये.

रानजाई

काढत नाही. पत्ता पाठवलाय. दुपारी तीननंतर या, ऑफिसात सांगून ठेवते.

घरकुल

क्लॅरिनेट दिला की सुटले नाना, आणि आम्ही टॅक्स भरून आरोपी! शाळांना पैसे कुठून येतात हे इथे एकालाही माहीत नाही. मिशिगनने १९९४ मध्ये शाळांचा बहुतेक रोजचा खर्च प्रॉपर्टी टॅक्सवरून काढून राज्याच्या विक्रीकरावर टाकला. त्यावर स्वतंत्र धागा काढते, मग बघू कोण कोणाचं आयतं खातंय.