अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावं का?

औशाची आई: पोरीला लातूरला अकरावी सायन्सला घातलंय. डॉक्टरकीची नीट परीक्षा द्यायची म्हणते, पण गणित सोडायला तिचा जीव होत नाही. दोन्ही झेपतील का? खोली करून राहते, मेसचं जेवण. मला तिच्या झोपेची लई काळजी आहे.

अहमदपूरचा मास्तर: ताई, नीटच्या 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे, गणिताचा पेपरच नाही. पण गणित सोडलं की जेईईचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचं, दार बंद. आवडत असेल तर बारावीपुरतं ठेवा. जेईईचा वेगळा क्लास मात्र लावू नका.

नांदेडकर: मी दोन्ही ठेवले होते. भौतिकशास्त्राला गणितातलं कॅल्क्युलस फार कामी आलं. प्रॅक्टिकलची जर्नल लिहिण्यात रात्री जातात, तेवढं धरून चाला.

औशाची आई: मग ठेवू दे गणित. क्लास नीटचाच.