आधी कुठल्या दारात जायचं? तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आईला उठताना चक्कर यायला लागली. आम्ही तिला घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात थेट न्यूरोच्या डॉक्टरांकडे नेलं. एमआरआय, मानेचा एक्सरे, कानाची तपासणी. सगळं नॉर्मल, चक्कर कायम.

शेवटी वर्तकनगरातल्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "गोळ्यांची पिशवी आणा." चिठ्ठी नको, पिशवी. दोन पाकिटांवर नावं वेगळी, आत बीपीची एकच गोळी, टेलमिसार्टन! दोन डॉक्टरांनी एकेक दिलेली आणि आई इमानेइतबारे दोन्ही घेत होती. त्यांनी झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून. १३० चं ९८. एक पाकीट बंद केलं, आठवड्यात चक्कर गेली. फी २०० रुपये. एमआरआयचा आकडा लिहीत नाही, बाबा हे वाचतात.

तुम्ही कुठून सुरुवात केलीत, पुढे कोणी पाठवलं, कुठे फसलात? लिहा. हॉस्पिटलांची नावं घेऊन उणीदुणी मात्र नकोत.

मुरबाडकर (सध्या कळवा)
भातलावणीत भाऊजींना घोणस चावली. घरचे भगताकडे निघाले होते, आशाताई रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि न हलवता २० मिनिटं ठेवलं. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत. मग तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. लगेच सलाइनमधून सर्पविषावरचं औषध सुरू केलं आणि १०८ बोलावून ठाण्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, तीन वेळा डायलिसिस लागलं. ते काम खालच्या केंद्राचं नव्हेच. पण ठाण्यातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, "पहिला डोस किती वाजता?" केंद्राच्या चिठ्ठीवर होतं: ६.४०.
नियमाने ३०,००० लोकांमागे असं एक केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात २०,००० मागे. पावसाळ्यात ते अंतर किती होतं, ते आम्हाला विचारा.

ऐरोलीची
तीन आठवडे खोकला, तीन दवाखाने, तीन कफ सिरप. शेवटी पालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात गेले. सिस्टरनी थुंकीची डबी दिली. पहिल्या दिवशी परत पाठवलं: "ही लाळ आहे. सकाळी चूळ भरा, खोलातून खोका." निघाला टीबी. सहा महिन्यांची औषधं फुकट, शिवाय पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात. रांग मोठी, पंखा एकच, तक्रार एवढीच.

खारघर सेक्टरवाले
टाटाचं ॲक्ट्रेक, म्हणजे कॅन्सरचं हॉस्पिटल, घरापासून रिक्षाने दहा मिनिटं, तरी पोचायला महिना गेला. सासूबाईंच्या छातीतली गाठ एका सर्जनने 'साधीच आहे' म्हणून काढली. रिपोर्ट कॅन्सरचा. टाटाने रिपोर्टबरोबर स्लाइड आणि ब्लॉक मागितले. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, तो तिथले लोक पुन्हा स्वतः तपासतात. लॅबने आठ दिवस फिरवलं: आज साहेब नाहीत, उद्या चावी नाही. कोणाची गाठ काढली तर ब्लॉक त्याच आठवड्यात मागून ठेवा.

धागाकर्ती
@खारघर, हे माहीतच नव्हतं. आईच्या पिशवीवर आता मोठ्या अक्षरात औषधांची यादी चिकटवली आहे. ती म्हणते, शाळेचं दप्तर झालं.

रात्रपाळीची सिस्टर
मी कॅज्युअल्टीत असते. रात्री अकराला चार दिवसांची सर्दी घेऊन येणाऱ्यांवर चिडचिड होते, खोटं कशाला बोलू? पण उलटंही बघितलंय. सकाळी ओपीडीच्या केसपेपरच्या रांगेत एक बाबा घामाने भिजलेले, डावा हात चोळत बसलेले. मी व्हीलचेअर आणली तर उठेनात.
म्हणाले, "पोरी, नंबर जाईल."