कृष्णविवर दिसत नाही, मग ते आहे असं मुलांना ठामपणे सांगावं का?

आयर्विनकाठ (सांगली):
परवा वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, त्यातून प्रकाशच बाहेर येत नाही, मग ते आहे हे कळलं कसं?" मी तिला म्हटलं, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी चढलं की कोयनेतून पाणी सोडलंय हे आपण घरबसल्या ओळखतो, तसंच. आकाशगंगेच्या मध्याशी एस-२ हा तारा १६ वर्षांत एक फेरी मारतो, आणि मधे दुसरा तारा दिसत नाही. त्या फेरीवरून मधलं वस्तुमान निघतं सुमारे ४० लाख सूर्यांएवढं. मला हा पुरावा पुरेसा वाटतो.

हळदपेठ:
सर, उदाहरण पटलं नाही. कोयना मी एसटीनं जाऊन बघून येतो. इथं कोण जाऊन आलंय? या ताऱ्याचे वेध घेणाऱ्या गेंझेल आणि गेझ या शास्त्रज्ञांना २०२० चं नोबेल मिळालं ते 'अतिप्रचंड वस्तुमानाच्या सघन वस्तू'च्या शोधासाठी. समितीनं शब्द जपून वापरला, तर आपणही जपूनच बोलावं.

वेण्णामाई (सातारा):
दादा, शब्दाचा मुद्दा रास्त आहे. पण एकाच ताऱ्यावर सगळं उभं नाही. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोच्या दोन्ही वेधशाळांनी गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच आलेला कंप, टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वजनाच्या दोन वस्तू एकमेकींत मिसळल्या होत्या. मिसळण्याआधी त्यांच्यात अंतर उरलं होतं जेमतेम ३५० किलोमीटर, म्हणजे सांगली-मुंबई रस्त्याएवढंही नाही! आपला एकटा सूर्यच १४ लाख किलोमीटर रुंद आहे. न्यूट्रॉन तारा म्हणावा, तर तो सूर्याच्या तिपटीच्या आसपासच कोसळतो. मग उरतं काय? असल्या लहरी गोंगाटातून ओळखायच्या पद्धतीवर पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर यांनी कितीतरी वर्षं आधीपासून काम केलंय. याचा मला फार अभिमान आहे.

हळदपेठ:
लायगोचं पटलं. एम-८७ या दुसऱ्या आकाशगंगेतल्या कृष्णविवराच्या २०१९ च्या फोटोचं मात्र नाही. तो रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींवरून संगणकानं जुळवलेला, नारिंगी रंगही वरून दिलेला.

आयर्विनकाठ:
रंग वरून दिलेला, खरं आहे. रेडिओ लहरींना रंग कुठला? पण जुळवणी चार गटांनी आपापसात न बोलता केली आणि अंधाराभोवतीचं तेजस्वी कडं चौघांनाही मिळालं.

हळदपेठ:
गट चार, पण नोंदी त्याच ना?

वेण्णामाई:
हो, त्याच. म्हणून मी २०२२ चं चित्र जास्त मोलाचं मानते. ते आपल्याच आकाशगंगेच्या मध्याचं आहे. एस-२ वरून जे वस्तुमान निघालं होतं, त्यावरून कडं केवढं दिसायला हवं हे आधीच सांगता येत होतं. दिसलं ते जवळजवळ तेवढंच. आणि एस-२ च्या वेधांपेक्षा इथं दुर्बिणी वेगळ्या, लहरी वेगळ्या, माणसंही वेगळी.