मदत हवी आहे: नंबर न दिसणारे आणि नको असलेले कॉल कसे थांबवायचे?

शेवंतीवेणी

घरातल्या दोन फोनांसाठी सल्ला हवा आहे. एक अँड्रॉइड आहे, तो आई वापरते. वय ७४, आणि वाजला की उचलायचाच ही सवय. दुसरा आयफोन. तीन प्रकारचे कॉल येतात.

१. स्क्रीनवर नुसतं 'प्रायव्हेट नंबर' किंवा 'नो कॉलर आयडी' असं येतं. कॉल हिस्टरीत त्यावर बोट दाबून धरलं तर ब्लॉकचा पर्यायच दिसत नाही.

२. नंबर दिसतो, पण दर वेळी वेगळा. ब्लॉक केलेला नंबर पुन्हा कधी येत नाही, शेवटचे तीन-चार आकडे बदलून दुसराच येतो.

३. एक रिंग वाजते आणि कट होते.

आईच्या फोनवर घरची माणसं, डॉक्टर आणि दोन-तीन शेजारी सोडून काहीच वाजलं नाही तरी चालेल. आयफोनवर मात्र कामाचे अनोळखी कॉल येतात, ते चुकायला नकोत. ॲप टाकायचं की नाही, तेही सांगा.

खटका

*३५* त्यानंतर पासवर्ड आणि # असा कोड डायल करून बघा. नेटवर्ककडूनच कॉल बंद होतात, फोनमध्ये काही करावं लागत नाही.

मनोरा

शेवंतीवेणी, वरचा कोड कृपया वापरू नका. ३५ हा कॉल बॅरिंगचा कोड आहे आणि त्याने येणारे सगळे कॉल बंद होतात, घरचेसुद्धा. त्यात निवड करता येत नाही. कुणी चुकून लावला असेल तर *#३५# डायल करून स्थिती बघता येते आणि #३५* पासवर्ड # ने तो निघतो. पासवर्ड तीनदा चुकला तर ही सोय नेटवर्ककडून लॉक होते, म्हणून अंदाजाने आकडे टाकत बसू नये.

आता मूळ प्रश्न. सगळा गोंधळ 'अननोन' या एका शब्दामुळे होतो. अँड्रॉइडच्या ब्लॉक यादीतला 'अननोन' म्हणजे ज्याचा नंबर फोनपर्यंत पोचलाच नाही असा कॉल. आयफोनच्या 'सायलेन्स अननोन कॉलर्स'मधला 'अननोन' म्हणजे नंबर दिसतोय, पण माणूस तुमच्या ओळखीचा नाही, असाही कॉल. म्हणून मी खाली पहिल्याला 'बिननंबरी' आणि दुसऱ्याला 'अनोळखी' म्हणतो.

बिननंबरी कॉल हिस्टरीतून का ब्लॉक होत नाही? करणाऱ्याने नंबर लपवला तरी नेटवर्कला तो ठाऊक असतो. कॉल पुढे जाताना नंबरासोबत 'दाखवू नये' अशी खूण जाते आणि तुमचं नेटवर्क तो नंबर तुमच्या फोनला देतच नाही. कधी कुणी काही लपवलेलंही नसतं. परदेशातून किंवा इंटरनेटवरून फिरत आलेल्या कॉलचा नंबर वाटेतच गळतो. ब्लॉक यादी नंबर जुळवून चालते, आणि इथे जुळवायला नंबरच नाही. 'नो कॉलर आयडी' नावाने दहा शून्यांचा संपर्क सेव्ह करून तो ब्लॉक करायचा उपाय बऱ्याच ठिकाणी फिरतो. तो याच कारणाने निरुपयोगी आहे.

आईच्या फोनवर, गूगलचं फोन ॲप असेल तर: ॲप उघडा, वर उजवीकडे तीन ठिपके, सेटिंग्ज, 'ब्लॉक्ड नंबर्स', आणि तिथलं 'अननोन'चं बटण चालू. सॅमसंगमध्ये फोन ॲप, तीन ठिपके, सेटिंग्ज, 'ब्लॉक नंबर्स', तिथे अननोन किंवा प्रायव्हेट नंबर ब्लॉक करायचं बटण मिळेल. फोनमध्ये दोन डायलर (कॉल करायची ॲप्स) असतील तर आधी सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्समध्ये जाऊन कोणतं फोन ॲप डीफॉल्ट आहे ते बघा. तिथलं बटण लावा. न वापरात असलेल्या डायलरमध्ये सेटिंग लावायची आणि 'चालत नाही' म्हणायचं, ही चूक फार सर्रास होते.

खात्री करून घ्यायला दुसऱ्या फोनवरून #३१# आणि त्यापुढे आईचा नंबर डायल करा. तेवढ्या एका कॉलपुरता नंबर लपतो. प्रत्येक नेटवर्क ही मुभा देत नाही. नंबर लपलाच नाही तर चाचणी झाली नाही असं समजा, सेटिंग चुकली असं नाही.

शेवंतीवेणी

मनोरा, 'अननोन'चं बटण सापडलं, चालू केलं. #३१# ने कॉल केला तर रिंग वाजली नाही. पण क्रमांक दोनचे कॉल तसेच चालू आहेत.

मनोरा

ते चालूच राहणार. त्या बटणाचा नंबर दिसणाऱ्या कॉलशी संबंध नाही.

नंबर दर वेळी बदलतो, कारण तो खरा नसतो. इंटरनेटवरून कॉल सोडणारी यंत्रणा नंबराच्या जागी हवे ते आकडे भरू शकते. मुद्दाम तुमच्या नंबरासारखे पहिले आकडे भरले जातात, म्हणजे जवळचा कुणीतरी वाटून उचलला जावा. म्हणून एकेक नंबर ब्लॉक करत बसण्यात अर्थ नाही. शिवाय उलट फोन करून कुणाला सुनावू नका. तो नंबर ज्याचा आहे त्या बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं.

आईला ठरावीक माणसांचेच कॉल हवे आहेत, तेव्हा उलट्या बाजूने जा. नको ते अडवण्यापेक्षा हवं तेवढंच येऊ द्या. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, साउंड, 'डू नॉट डिस्टर्ब' (नव्या फोनांत हे 'मोड्स'खाली गेलं आहे), तिथे 'पीपल', 'कॉल्स', आणि 'कॉन्टॅक्ट्स' निवडा. आणखी आवळायचं असेल तर 'स्टार्ड कॉन्टॅक्ट्स'. वेळापत्रक न लावता ते कायम चालू ठेवा. मग तीन गोष्टी तपासा.

'रिपीट कॉलर्स' बंद करा. ते चालू असलं की त्याच नंबरावरून १५ मिनिटांत दुसरा कॉल आला तर वाजतो. चिकाटीने त्रास देणारे लागोपाठ दोनदा करतातच. आयफोनच्या फोकसमध्येही (तिथलं 'डू नॉट डिस्टर्ब' यातच येतं) 'अलाऊ रिपीटेड कॉल्स' आहे, तिथे मुदत तीन मिनिटांची.

अलार्मला मुभा आहे ना ते बघा. औषधाच्या वेळेचा गजर गप्प झाला तर हा उपाय त्रासाहून वाईट. मेसेज आणि ज्या ॲपची सूचना हवी त्यांनाही वेगळी परवानगी द्या.

आणि सगळे संपर्क अधिकचं चिन्ह आणि देशाचा कोड लावून सेव्ह करा. नंबर अर्धवट सेव्ह असला आणि कॉल पूर्ण नंबरासह आला की काही वेळा जुळत नाही, आणि घरचाच माणूस बाहेर राहतो.

कातरवेळ

एक काळजीची गोष्ट. अनेक रुग्णालयं आणि मदतकेंद्रं आपला नंबर मुद्दाम लपवून फोन करतात. बिननंबरी कॉल बंद करण्याआधी डॉक्टरांकडे विचारून घ्या की तपासणीचा निकाल कळवायला कॉल कुठून येतो. लपवलेल्या नंबरावरून येत असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर तिथे नोंदवा. ७४ वर्षांच्या माणसाच्या फोनवर हे आधी, सेटिंग नंतर.

क्रमांक तीनबद्दल: एक रिंग देऊन कट होणारा कॉल परदेशी कोडचा असेल तर तो परत फोन यावा म्हणूनच केलेला असतो. याला वांगिरी म्हणतात, शब्द जपानी आहे: 'वान' म्हणजे एक, 'गिरी' म्हणजे कापणं. उलट फोन महागड्या दराच्या नंबराला लागतो आणि जितका वेळ तुम्ही थांबाल तितका पैसा जातो. परत फोन न करणं हाच पूर्ण इलाज आहे. उचलल्यावर नुसती शांतता असेल तर ते वेगळं. विक्रीवाल्यांची यंत्रं बोलायला मोकळ्या माणसांपेक्षा जास्त कॉल एकदम लावतात. माणूस मोकळा झाला नाही तर तुमचा कॉल सोडून दिला जातो.

तारायंत्र

आयफोन आणि ॲपचं मी सांगतो.

'सायलेन्स अननोन कॉलर्स' आयओएस १३ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. आयओएस १८ मध्ये ते सेटिंग्ज, ॲप्स, फोन इथे गेलं. आयओएस २६ मध्ये त्याच जागी 'स्क्रीन अननोन कॉलर्स' आहे आणि त्यात तीन पर्याय: 'नेव्हर', 'आस्क रीझन फॉर कॉलिंग', 'सायलेन्स'. कामाचे अनोळखी कॉल हवे असतील तर मधला घ्या. फोन स्वतःच समोरच्याला नाव आणि कारण विचारतो, उत्तर स्क्रीनवर दाखवतो, मग उचलायचं की नाही ते तुम्ही ठरवता. सगळ्या भाषा-प्रदेशांत तो मिळत नाही. 'सायलेन्स' लावलं तर अनोळखी कॉल वाजत नाहीत, व्हॉइसमेलकडे जातात आणि 'रीसेंट्स'मध्ये दिसतात. बिननंबरीही त्यातच येतात. ज्या नंबरावर तुम्ही नुकताच फोन केला आहे तो मात्र वाजतो, आणि ईमेलमधून ओळखलेला नंबरही वाजू शकतो. तेव्हा एखादा अनोळखी कॉल वाजला म्हणून सेटिंग बिघडली असं समजू नका. आणीबाणीच्या नंबरावर फोन केला तर ही सोय २४ तास आपोआप बंद होते, मदत करणाऱ्यांचा उलट फोन यावा म्हणून. अँड्रॉइडमध्येही आणीबाणीच्या कॉलनंतर ब्लॉकिंग काही काळ थांबतं.

ॲप: आयफोनवर कॉल ओळखणारं ॲप बहुतेक वेळा आधीच नंबरांची यादी फोनला देऊन ठेवतं आणि जुळवणी आयफोन करतो. म्हणून बिननंबरी कॉलवर त्याचा काहीच उपयोग नाही, आणि यादी जुनी झाली की नव्या नंबरांवरही नाही. अँड्रॉइड १० पासून डीफॉल्ट ॲप्समध्ये 'कॉलर आयडी अँड स्पॅम ॲप' अशी वेगळी जागा आहे. तिथे नेमलेलं ॲप कॉल वाजण्याआधी तपासतं. ही जागा एकाच ॲपची, तेव्हा दोन टाकून दुप्पट संरक्षण मिळत नाही. माझं स्पष्ट मत, आईच्या फोनवर ॲप टाकू नका. यातली बरीच ॲप्स संपूर्ण संपर्कयादी मागतात, म्हणजे तुमच्यासोबत बाकीच्यांचे नंबरही त्यांना न विचारता जातात. 'फक्त संपर्क' हा नियम लावल्यावर त्यांची गरजही उरत नाही.

व्हॉट्सॲपच्या कॉलला वरची ब्लॉक आणि 'सायलेन्स'ची बटणं लागू होत नाहीत. तिथे सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्समध्ये 'सायलेन्स अननोन कॉलर्स' वेगळं चालू करावं लागतं.

शेवंतीवेणी

तिघांचेही आभार. आईच्या फोनवर 'कॉन्टॅक्ट्स' लावलं, रिपीट कॉलर्स बंद, अलार्मला मुभा. डॉक्टरांकडून कॉल लपवलेल्या नंबरावरून येतो असं कळलं, म्हणून तिथे माझा नंबर दिला. आयफोनवर मधला पर्याय चालतोय. एक राहिलं. कुणीतरी आईला फोन करून 'तुमची सेवा बंद होईल, हा कोड दाबा' असं सांगून *२१* ने सुरू होणारा कोड दिला होता. तिने दाबला का, तिला आठवत नाही.

मनोरा

हे आत्ता, वाचता वाचता करा. तो कॉल फॉरवर्डिंगचा कोड आहे. दाबला गेला असेल तर आईला येणारे कॉल, फोनवरून सांगितले जाणारे ओटीपीसुद्धा, दुसऱ्याच नंबरावर जात असतील. आईच्या फोनवरून *#२१# डायल करा. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि मग ##००२# डायल करा. त्याने सगळं फॉरवर्डिंग निघतं. व्हॉइसमेलही फॉरवर्डिंगवरच चालतो, म्हणून तो वापरात असेल तर नेटवर्कला सांगून नंतर पुन्हा चालू करून घ्या. दोन सिम असतील तर प्रत्येक सिमवरून हे वेगळं करायचं.

कातरवेळ

आणि फॉरवर्डिंग सापडलं तर बँकेला लगेच कळवा. बिननंबरी कॉलवर कुणी धमकावत किंवा वारंवार छळत असेल, तर कॉल हिस्टरी पुसू नका. तारीख, वेळ, किती सेकंद चालला ते वहीत लिहून ठेवा. तुम्हाला न दिसलेला नंबर नेटवर्ककडे नोंदलेला असतो. ते तो तुम्हाला देणार नाहीत, पण तक्रार झाली की पोलिसांना तो मागता येतो. त्या वेळी अचूक तारीख आणि वेळ असेल तरच कॉल शोधता येतो.

शेवंतीवेणी

*#२१# केलं. दोन्ही सिमवर 'नॉट फॉरवर्डेड' आलं. त्या माणसाने सांगितलेला *२१* चा कोड आईने कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवलेला होता, तो कागद काढून घेतला.