डीजे स्टेंट : लघवी करताना कुशीत कळ येते, हे ठीक आहे का?

कृष्णाकाठ
बाबांच्या (वय ५८) डाव्या मूत्रवाहिनीत ९ मिमीचा मुतखडा होता. दुर्बिणीतून लेसरने फोडला आणि आत डीजे स्टेंट ठेवलाय. आज सहावा दिवस. तासातासाला लघवीला लागते, लघवी संपत आली की डाव्या कुशीत कळ येते, जिना चढला की लघवी लालसर होते. ताप नाही. खडा निघाला, मग हा त्रास कशाचा? आणि गोळ्यांनीच विरघळला नसता का?

शल्यकक्ष
त्रास स्टेंटचा आहे. ही साधारण २४-२६ सेमी लांब, जेमतेम २ मिमी जाडीची पोकळ नळी. एक वेटोळं मूत्रपिंडात, दुसरं मूत्राशयात. लेसरनंतर मूत्रवाहिनी आतून सुजते. नळी नसेल तर सुजेने किंवा खड्याच्या चुऱ्याने वाट बंद होऊ शकते, म्हणून ती ठेवतात.

खालचं वेटोळं मूत्राशयाच्या तळाला घासतं, म्हणून सारखी लागते. कुशीतल्या कळेचं कारण वेगळं. एरवी मूत्राशयातली लघवी वर चढू नये अशी झडपेसारखी सोय असते. स्टेंटमुळे ती उघडी राहते आणि मूत्राशय आकसलं की दाब थेट मूत्रपिंडापर्यंत पोचतो. त्यामुळे लघवी तुंबवून ठेवू नका, करताना कुंथूही नका.

फिक्या कोकम सरबतासारखा रंग चालतो. पाणी वाढवा, जिना-ओझं कमी करा. गुठळ्या पडल्या किंवा लघवी अडली तर लगेच दाखवा. टॅम्सुलोसिन ०.४ मिग्रॅ (लघवीची वाट सैल करणारी गोळी) चालू नसेल तर डॉक्टरांना विचारा. ती घेतल्यावर झटकन उठू नये, चक्कर येते. बीपीची गोळी चालू असेल तर जास्तच. सारखी लागण्यावर सोलिफेनासिन देतात, पण या वयात प्रोस्टेट मोठी असेल तर लघवी अडू शकते. दुकानातून परस्पर आणू नका. डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळीचंही तसंच, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल (म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल) तर ती मूत्रपिंडाला घातक.

खडा_तपासणी
विरघळण्याबद्दल. औषधाने खरोखर विरघळतो तो युरिक अॅसिडचा खडा. पोटॅशियम सिट्रेटसारख्या औषधाने लघवीचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ६.५ ते ७ दरम्यान ठेवला तर, तेही काही आठवडे-महिने लागून. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, ते कशानेच विरघळत नाहीत. टॅम्सुलोसिन वाट सैल करतं, खड्याला हात लावत नाही. ९ मिमीचा आपोआप पडण्याची शक्यता कमीच. तुकडे मिळाले असतील तर तपासणीला जरूर द्या. पुढचं पथ्य त्यावर ठरतं. उगाच दूध-टोमॅटो सगळंच बंद करण्यात अर्थ नाही.

कृष्णाकाठ
धीर आला. कार्डावर फक्त 'फेरतपासणी' लिहिलंय, स्टेंट कधी काढायचा ते नाही.

शल्यकक्ष
मग उद्याच फोन करून तारीख घ्या. सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. त्रास हळूहळू अंगवळणी पडतो आणि नळी आत राहून जाते. अशा शस्त्रक्रियेनंतर बहुधा एक ते चार आठवड्यांत काढतात. तीन महिन्यांपुढे राहिली तर तिच्यावरच क्षार जमतात, खडे होणाऱ्यांत त्याहूनही लवकर. मग ती ओढली की तुटते, आणि काढायला पुन्हा लेसर, कधी पाठीतून छिद्र पाडून शस्त्रक्रिया लागते.

वेळेत काढली तर काम पाच-दहा मिनिटांचं. बहुधा जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेन जेलवर भागतं. आधी लघवीची तपासणी करा, संसर्ग असेल तर तो आधी आटोक्यात आणावा लागतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर सांगा. काढल्यावर काही तास कुशीत दुखू शकतं.

खडा_तपासणी
दोन गोष्टी राहिल्या. हुडहुडी भरून ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री रुग्णालयात न्या. आणि लघवी थेंबथेंब सतत गळायला लागली तर नळी खाली सरकली असू शकते, हेही कळवा.

नळी काढल्यावर महिन्या-दीड महिन्याने सोनोग्राफी करून घ्या. मूत्रवाहिनी आतून आकसत असेल तर दुखतंच असं नाही, आणि मूत्रपिंड मात्र फुगत राहतं.