मदत हवी आहे: मिठाच्या कवचातला अख्खा दोरादा खारट होतोय आणि आतून कच्चा राहतोय

तुरियाकाठची
घाईत लिहितेय. दोरादा आ ला साल, म्हणजे मिठात गाडून ओव्हनमध्ये भाजलेला अख्खा मासा, घरी जमत नाहीये. कवच छान टणक होतं, पण फोडलं की पोटाकडचं मांस तोंडात घालवत नाही इतकं खारट आणि मधल्या काट्यापाशी गुलाबी, चिकट. दर वेळी हेच. ओव्हन 200 वर, 20 मिनिटं. शनिवारी सासूसासरे कार्ताहेनाहून वालेन्सियाला जेवायला येतायत आणि सासूबाईंचं माहेर मार मेनोर या स्पेनमधल्या खाऱ्या सरोवराच्या काठचं. तिकडे हा मासा असाच करतात, म्हणून मला हाच करायचाय. काय चुकतंय?

मालवणी_तवा
ताई, एवढा खटाटोप कशाला? दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा द्या, आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण, हळद, तिखट, कोकमाचं आगळ चोळून अर्धा तास ठेवा, रव्यात घोळवा आणि तव्यावर मंद आचेवर तळा. परदेशी मासा असला तरी आपल्या वाटणाला नाही म्हणत नाही.

तुरियाकाठची
धन्यवाद, पण तळलेला मला येतो. मिठातलाच हवाय.

भट्टीवाला
मासा किती वजनाचा? मीठ जाडं की बारीक? किती घेतलं? ओव्हन आधी तापवला होता का? पंखा चालू होता? मासा फ्रीजमधून थेट ट्रेमध्ये गेला का? हे कळल्याशिवाय 20 मिनिटं कमी की जास्त, कोण सांगणार?

तुरियाकाठची
मासा साधारण 800 ग्रॅमचा, घेर चांगला. एक किलोचं मिठाचं पाकीट, घरातलं नेहमीचं. ओव्हन तापवलेला असतो, पंख्याच्या चिन्हाचं बटण पुसलं गेलंय. मासा फ्रीजमधूनच काढते, मग काय बाहेर ठेवू?

खाडीपल्याड
सीबास मिळाला तर तो घ्या. सीबास म्हणजे आपला जिताडाच. पेण-अलिबागकडे जिताड्याचं कालवण करतात तसं करा, सासूबाई विसरणार नाहीत.

अथेन्सवासी
जिताडा वेगळा मासा आहे. भूमध्य समुद्रातला सीबास, स्पेनमध्ये लुबिना, ग्रीसमध्ये लावराकी, त्याचं मांस पांढरं, मऊ आणि पातळ पाकळ्यांचं. मसालेदार कालवणात ते फुटतं. जिताडा मोठा होतो, त्याचे जाड तुकडे रश्श्यात टिकतात. दोन्हींना एकच कृती लावू नये.

आता मूळ प्रश्न. इथे ग्रीसमध्ये चिपूरा, म्हणजे तुमचा दोरादा, कोळशावर भाजतात. वरून ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस घट्ट होईपर्यंत फेटून घालतात, थोडं ओरेगानो. मिठाचं काही काम नाही. मासा ताजा असेल तर एवढंच पुरतं.

इझ्मिरकर
सहमत. इझ्मिरला आम्ही चिपुरा जाळीत दाबून निखाऱ्यावर धरतो. पोटात लिंबाची चकती आणि तमालपत्र.

तुरियाकाठची
चौथ्या मजल्यावरचं भाड्याचं घर आहे. निखारे कुठे पेटवू?

भट्टीवाला
विषयावर या. 800 ग्रॅमचा गार मासा, त्यावर मिठाचा थर. आधी मीठ तापणार, मग मासा. 20 मिनिटांत काट्यापाशी कच्चा राहणारच. अर्धा तास आधी फ्रीजमधून काढा आणि 220 वर 28 ते 30 मिनिटं द्या. घड्याळापेक्षा सुईचा थर्मामीटर घ्या. डोक्यामागच्या सर्वांत जाड भागात, काट्याला न टेकवता, मिठातूनच खुपसा. 58 अंश दिसले की बाहेर काढा. पाच मिनिटं तसाच ठेवला की मिठातल्या उष्णतेने आत 60 च्या वर जातो. अमेरिकन सरकारी सल्ला 63 चा आहे, तोही पाळता येईल, मांस थोडं कोरडं होईल इतकंच.

अथेन्सवासी
थर्मामीटरने कवचाला भोक पडतं आणि वाफ जाते. आमच्याकडे पाठीचा पर ओढून बघतात. सहज निघाला तर मासा झाला.

भट्टीवाला
पर मिठाखाली असताना ओढणार कसा? कवच फोडून बघायचं आणि कच्चा निघाला तर पुन्हा लिंपायचं? सुईच्या भोकातून जाणारी वाफ कोणाला जाणवणारही नाही.

सुरक्षित_स्वयंपाक
एक महत्त्वाचं. मासा आधी उणे 20 अंशांवर गोठवा. अनिसाकिस नावाचा कृमी असतो. स्पेनमध्ये 2006 पासून उपाहारगृहांना कच्चा मासा वाढायचा तर तो आधी गोठवावा लागतो.

भट्टीवाला
तो नियम कच्च्या किंवा जवळपास कच्च्या माशासाठी आहे. आतपर्यंत 60 अंश झाले आणि मिनिटभर टिकले की कृमी मरतो. गोठवून वितळवलेला मासा पाणी सोडतो, मिठात ते पाणी नकोच आहे.

कार्तिकी_पालेर्मो
मला कुणी सांगेल का, खवले काढले होते का? आणि पोट चिरलेलं होतं का? सगळे वेळेवरून भांडतायत, पण खारटपणा वेळेमुळे येत नाही.

तुरियाकाठची
अर्थात खवले काढलेले. मासेवाला विचारतो, ओव्हनसाठी का, मी हो म्हणते, तो खवले काढून पोट मानेपासून शेपटीकडे उघडून, स्वच्छ करून देतो. इथे सगळीकडे असंच देतात.

कार्तिकी_पालेर्मो
मग कारण सापडलं. ओव्हनसाठी म्हटलं की तो बटाट्यांवर ठेवून भाजायचा मासा समजतो. मिठासाठीचा मासा वेगळा साफ करतात. त्याला "पारा ला साल" असं सांगा. खवले तसेच ठेवायचे आणि आतडी कल्ल्यांच्या बाजूने किंवा अगदी छोट्या चिरेतून काढायची. खवले आणि अखंड कातडी यांचीच भिंत असते. भाजताना मीठ ओलसर होतं, ते खारं पाणी कातडीवर थांबतं आणि शेवटी कातडी कवचाबरोबर निघून येते. तुमचं पोट उघडं, म्हणून तिथलं मांस खारवलं. शिवाय घरातलं बारीक मीठ विरघळून आतही शिरतं. जाडं मीठ, साल गोर्दा, एक किलो माशाला दोन किलो या हिशोबाने घ्या. तुमच्या माशाला दीड किलो तरी हवं. पाण्याचा हबका मारा, मुठीत दाबलं की गोळा टिकावा इतकंच. काही जण अंड्याचा पांढरा भाग घालतात, कवच जास्त टणक होतं, पण गरज नाही. खाली बोटभर थर, वर मासा झाकेल इतका, चिरेच्या तोंडाशी लिंबाची चकती. चिरा आणि वाटण मिठातल्या माशाला अजिबात नको.

मालवणी_तवा
चिरा नाही, वाटण नाही, तर चव कुठून येणार?

कार्तिकी_पालेर्मो
माशाची स्वतःची. दोरादाच्या मांसाला गोडसर चव असते, ती कोकमाखाली दबते. तुमची कृती बांगड्याला मी स्वतः करते आणि आवडीने खाते.

खाडीपल्याड
ताई, सासूबाईंनाच का नाही विचारत? माहेर तिकडचं म्हणता ना.

तुरियाकाठची
त्यांच्यासाठीच करायचंय, त्यांना न सांगता. कार्तिकी, शुक्रवारी मंडईत जाऊन तुमचे शब्द जसेच्या तसे म्हणणार.

इझ्मिरकर
मार मेनोरचंच खिलवायचं असेल तर काल्देरो करा. माशाच्या रस्स्यात शिजलेला भात, वाळलेल्या न्योरा मिरच्या, बरोबर आलिओली, म्हणजे लसूण आणि तेल घोटून केलेलं घट्ट तोंडीलावणं. भातवाल्या माणसांना जवळचं.

तुरियाकाठची
रविवार. खवल्यांसकट आणलेला मासा, दीड किलो जाडं मीठ, 220 वर 30 मिनिटं. सुई 59 दाखवत होती. कातडी एका पदरात निघाली, पोटाचं मांसही खारट नव्हतं, काट्यापाशी पांढरं. सासूबाईंनी दुसऱ्यांदा घेतला आणि मीठ किती भिजवलंस ते विचारलं. कार्तिकी, भट्टीवाला, मनापासून आभार. एकच राहिलं: हे दीड किलो मीठ पुन्हा वापरता येतं का?

कार्तिकी_पालेर्मो
नाही. त्यात माशाचा रस मुरलेला असतो, दोन दिवसांत वास सुटेल. टाकून द्या, पण झाडांच्या कुंडीत नको.