समुद्र नसलेल्या गावात डाइव्ह कॉम्प्युटर: विकत घ्यावा की भाड्याने?

खोलपाणी
आमच्या इंदूरच्या स्कूबा डाइव्हिंगच्या ग्रुपमध्ये सध्या यावरून जोरात जुंपली आहे. सगळे ओपन वॉटर (पहिल्या पातळीचा कोर्स) झालेले, वर्षाकाठी एखादं मालवण, जमलं तर अंदमान. निम्म्यांचं म्हणणं, समुद्र पाच-सहाशे किलोमीटरवर, कॉम्प्युटर काय कपाटात ठेवायला घ्यायचा? माझं मत उलट आहे. बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट), रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणणारा), वेटसूट खुशाल भाड्याने घ्या. कॉम्प्युटर मात्र स्वतःचाच हवा.

हे यंत्र दाब आणि वेळ मोजून तुमच्या अंगात किती नायट्रोजन मुरलाय याचा हिशेब मांडतं. तो फार झाला आणि तुम्ही झपकन वर आलात, तर अंगात त्याचे बुडबुडे होतात. हा हिशेब पहिल्या डाइव्हबरोबर संपत नाही, दुसऱ्या डाइव्हमध्ये पुढे ओढला जातो. भाड्याचं यंत्र सकाळी तुमच्या मनगटावर, दुपारी आणखी कुणाच्या. मग दुपारी तुमच्या वाट्याला जे येतं त्यात सकाळच्या परक्या माणसाचा नायट्रोजन जमा असतो. त्याहून वाईट म्हणजे सकाळभर पेटीत पडून राहिलेलं कोरं यंत्र मिळालं तर. ते तुम्हाला अगदी ताजंतवानं समजतं आणि जास्तीची मिनिटं बहाल करतं.

कुठला घ्यायचा? साधा. मोठे आकडे आणि घरच्या घरी बदलता येणारी बॅटरी. सूंटो झूप नोव्होला सीआर२४५० लागते, क्रेसी लिओनार्दोला सीआर२४३०. हे सेल जेल रोडवर शोधता येतात. बॅटरीसाठी जो कॉम्प्युटर कंपनीकडे पाठवावा लागतो, तो इंदूरकराने घेऊच नये.

सेव_जरा_जास्त
भिया, जरा जमिनीवर या. मालवणला आपण जातो किती खोल? आठ-दहा मीटर, फार तर बारा. डाइव्हिंग शिकवणाऱ्या पॅडी संस्थेच्या छापील टेबलात १२ मीटरला नायट्रोजनची मर्यादा १४७ मिनिटं दिली आहे. तुमची टाकी तासाभरात ५० बारवर, म्हणजे राखीव हवेवर येते. म्हणजे नायट्रोजनची मर्यादा यायच्या कितीतरी आधी हवा संपते. जी मर्यादा गाठायचीच नाही, ती मोजायला हजारो रुपये घालायचे? त्या पैशात आणखी एखादी ट्रिप निघेल. पाण्यात स्थिर तरंगणं डाइव्ह करून जमतं, मनगटाकडे बघून नाही.

खोलपाणी
आणि अंदमानला? हॅवलॉक बेटाजवळचं जॉनीज गॉर्ज हे डाइव्हचं ठिकाण ३० मीटरच्या आसपास आहे. तुमचंच टेबल तिथे २० मिनिटं देतं, आणि तीही दिवसाच्या पहिल्या डाइव्हला. शिवाय वर येताना ठरलेला वेग ओलांडला की कॉम्प्युटर बोंब मारतो. टेबल गप्प बसतं. उथळ पाण्यात तर वेगाचं भान आणखी सुटतं, कारण पृष्ठभाग डोळ्यांसमोर असतो आणि सगळ्यांना घाई असते.

नायट्रॉक्सवाली
स्वतःचा हवा, शंभर टक्के मान्य. पण "साधा घ्या" हे पटत नाही. खोलपाणी, तुम्ही सांगितलेले दोन्ही कॉम्प्युटर डिकॉम्प्रेशनचा थांबा (मर्यादा ओलांडल्यावर वर येताना नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून घ्यायचा सक्तीचा थांबा) मोडला तर ४८ तास रुसून बसतात. खोली आणि वेळ दाखवतात, हिशेब बंद. ट्रिप चार दिवसांची असेल तर गेले की दोन दिवस! शिअरवॉटर पेरेग्रिन असं कुलूप लावत नाही. त्यात बुलमनचं उघडं गणित आहे, शरीराचे १६ कप्पे धरून केलेलं, आणि सावधगिरी किती ठेवायची ते आपण ठरवतो: ४५/९५, ४०/८५ किंवा ३५/७५. दुसरा आकडा जितका लहान तितकी मिनिटं कमी आणि सुरक्षेचं अंतर जास्त. मी ३५/७५ वर ठेवते. वय झालं की उगाच शूरपणा करू नये. आणि रंगीत पडदा! गढूळ पाण्यात, चाळिशी लागलेल्या डोळ्यांना त्याची किंमत कळते.

खोलपाणी
थांबा मोडल्यावर तुम्ही पुढचे दोन दिवस किनाऱ्यावरच बसायला हवं, ताई. त्या कुलपाला मी दोष म्हणणार नाही. आणि पेरेग्रिनची बॅटरी आतली आहे. काही वर्षांनी ती दमली की पार्सल कुठे करणार?

नायट्रॉक्सवाली
कुलूप लावणं हे माणसाचं काम, यंत्राचं नव्हे. बॅटरीचा मुद्दा मात्र खरा आहे.

मल्हारगंज१९
माझ्याकडे ॲपल वॉच अल्ट्रा आहेच. चालेल का?

खोलपाणी
४० मीटरपर्यंत चालतं. पण नुसतं घड्याळ खोली आणि वेळ दाखवतं, नायट्रोजनच्या हिशेबासाठी ओशनिक प्लस ॲपचे वेगळे पैसे भरावे लागतात. शिवाय रोज चार्जिंग. सकाळी सहाला बोट आणि रात्री रिसॉर्टची लाईट गेलेली, असं झालं तर काय करणार ते तुम्हीच ठरवा.

घाटवाट
तुम्ही सगळे पाण्याखालचंच बोलताय. मालवणहून इंदूरला गाडीने परतणारे दुपारची डाइव्ह संपवून संध्याकाळीच आंबोली चढतात. आंबोली ६९० मीटरवर आहे. डाइव्हनंतरच्या विमान प्रवासाबद्दल डॅनच्या (डाइव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणारी संस्था) शिफारशी ६०० मीटरच्या जरा वरपासूनच लागू होतात: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, दिवसात एकाहून जास्त किंवा अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर १८. हवेचा दाब घटतो तो विमानात बसल्यामुळे नाही, उंचीमुळे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर विमानाचं चिन्ह (अजून उडू नका असं सांगणारं) दिसत असेल तर घाटालाही तेच लावा. अंदमानहून परतणाऱ्यांनी तर तिकीट काढतानाच शेवटचा दिवस कोरडा ठेवावा.

सेव_जरा_जास्त
घाटाचं पटलं, हे आमच्यात कुणी बोललंच नव्हतं. पण १८ तास बोटांवरही मोजता येतात, त्याला यंत्र कशाला? मी भाड्यावरच ठाम आहे. फक्त पहिल्या दिवशी डाइव्ह सेंटरला बजावायचं की ट्रिप संपेपर्यंत हाच नग माझा, आणि नगावरचा नंबर मोबाइलमध्ये टिपून ठेवायचा. परक्या नायट्रोजनचा प्रश्न मिटला.

खोलपाणी
सीझनमध्ये, गर्दीच्या दिवशी, बोट सुटताना? कोणता नग कुणाचा हे बघायला तिथे कुणाला वेळ असतो? मी पाहिलंय, एकाच क्रेटमधून हाताला लागेल तो उचलून देतात.

सेव_जरा_जास्त
मग डाइव्ह सेंटर बदला. ज्यांना कॉम्प्युटर सांभाळता येत नाहीत, त्यांनी भरलेली टाकी तुम्ही पाठीवर घेता हे आठवा.

सुदामानगरकर
आम्ही नवरा-बायको दोघंही करतो, नेहमी जोडीनेच उतरतो. दोघांत एक घेतला तर?

नायट्रॉक्सवाली
नाही. एक जण प्रवाळ बघायला खाली वाकतो, दुसरा दोन-तीन मीटर वरच थांबतो. खोली वेगळी म्हणजे नायट्रोजनही वेगळा. तुमच्या बाबतीत माझं वरचं मत सोडून द्या आणि एका पेरेग्रिनच्या पैशात दोन लिओनार्दो घ्या. दोन्हींवर सावधगिरीची पातळी एकच ठेवा आणि ज्याचा आकडा कमी दिसेल त्याच्या मागे दोघांनी वर यायचं. बॅटरी बदलताना झाकणाच्या ओ-रिंगवर (पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) केस अडकलाय का ते उजेडात नेऊन बघा.